फॅरेडेच्या कड्यातली फट

मोटारगाडीच्या डॅशबोर्डवर मोबाइल ठेवण्याचा होल्डर आता पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्यातले काही होल्डर चार्जरचेही काम करतात. फोन चकतीवर टेकवला की तो तिला चिकटून बसतो आणि त्याची बॅटरी भरू लागते. फोनला तार जोडावी लागत नाही. ‘मग वीज हवेतून जाते का?’ हा प्रश्न आठवी-नववीतला कोणताही चौकस विद्यार्थी विचारील. विद्युतधारा हवेतून जात नाही. चकतीतून फोनपर्यंत पोचते ते बदलते चुंबकीय क्षेत्र, आणि फोनमधल्या तारेच्या वेटोळ्यात ते नवी धारा निर्माण करते. विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा धडा शिकवलेल्या शिक्षकाला हे उत्तर सहज देता येईल.

मात्र त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न अधिक अवघड आहे. प्रवर्तनाचा शोध १८३१ सालचा. तारेविना चार्ज होण्याची सोय घेऊन पामचा ‘प्री’ हा फोन बाजारात आला तो २००९ साली, आणि अशी चकती कारखान्यातच बसवलेली टोयोटाची ‘अ‍ॅव्हलॉन’ ही गाडी २०१३ सालच्या मॉडेलची. तत्त्व ठाऊक असूनही मध्ये पावणेदोनशेहून अधिक वर्षे का जावीत? या प्रश्नाचे उत्तर काही मिलिमीटर रुंदीच्या एका फटीत दडलेले आहे.

दोन वेटोळी, एक कडे

तारेतून विद्युतधारा वाहू लागली की जवळची चुंबकसुई वळते, हे डेन्मार्कच्या ओरस्टेडने १८२० साली दाखवले. विजेपासून चुंबकत्व मिळत असेल तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न त्यानंतर अनेकांना पडला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणारा मायकेल फॅरेडे त्यांपैकी एक. १८२५ साली त्याने दोन तारा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. एकीतून धारा सोडली, पण दुसरीत काहीच आढळले नाही. धारा स्थिर असेल तर दुसऱ्या तारेतही स्थिर धारा मिळेल, अशी त्या काळातल्या बहुतेकांप्रमाणे त्याचीही अपेक्षा होती.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने नवा प्रयोग केला. मऊ लोखंडाचे सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचे एक कडे घेतले. त्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळले आणि समोरच्या अर्ध्या भागावर दुसरे. तारांचे वेढे एकमेकांना किंवा लोखंडाला लागू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड घातले. दुसऱ्या वेटोळ्याची टोके जोडणारी तार जवळजवळ एक मीटर अंतरावरच्या चुंबकसुईवरून नेली. पहिले वेटोळे बॅटरीला जोडताच सुईने हिसका खाल्ला आणि ती पूर्ववत झाली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ती शांत राहिली. जोडणी तोडताच तिने पुन्हा हिसका खाल्ला, या वेळी उलट दिशेने. धारा असण्याने काही घडत नाही, धारा बदलण्याने घडते, हा या प्रयोगाचा सारांश होय. त्याच सुमारास अमेरिकेत ऑल्बनी येथे शाळाशिक्षक असलेला जोसेफ हेन्री स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत पोचला होता. त्याने तो प्रसिद्ध केला फॅरेडेनंतर.

या कड्याकडे आजच्या नजरेने पाहू. दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा काहीही संबंध नव्हता, म्हणजे ‘तारेविना वीज’ पहिल्याच दिवशी साधली होती! मात्र चुंबकीय बलरेषांना लोखंडातून फिरण्यासाठी एक सलग वाट मिळाली होती. आता कल्पना करा, हे कडे करवतीने मधोमध कापले. एक अर्धे गाडीतल्या चकतीत बसवले, दुसरे फोनच्या पाठीत. दोहोंमध्ये राहिली थोडी हवा, थोडी काच, थोडे प्लॅस्टिक. तारेविना चार्जर म्हणजे नेमके हेच. जो काही त्रास आहे तो कापल्यामुळे पडलेल्या फटीचा आहे.

फट बुजवणारे

हा त्रास किती मोठा, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. चुंबकीय बलरेषांना लोखंडातून जाणे हवेच्या मानाने हजारपट सोपे आहे असे धरले, तर ५ मिलिमीटर हवेची फट ५ मीटर लांबीच्या लोखंडाइतका अडथळा निर्माण करते. पुष्कळशा बलरेषा मग फट ओलांडून समोर जाण्याऐवजी आजूबाजूने वळून परत येतात. दुसऱ्या वेटोळ्याच्या वाट्याला त्यांतला एक हिस्साच येतो.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांची सारी धडपड फट बुजवण्याची होती. १८८०च्या दशकात गोलार्ड आणि गिब्ज या जोडीने युरोपात जे रोहित्र वापरात आणले त्याच्या लोखंडी गाभ्याची दोन्ही टोके मोकळी होती. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी गाभा पूर्ण बंद केला. बलरेषांना सलग वाट मिळाल्याने रोहित्राची कार्यक्षमता वाढली आणि विजेचे दूरवर वितरण परवडू लागले. आपल्या गावातल्या ज्या खांबावरच्या पेटीला लोक ‘डीपी’ म्हणतात, तिच्यातल्या रोहित्राचा गाभाही असाच बंद असतो.

थोडक्यात, जी फट बुजवून वीज घरोघर पोचली, तीच फट शंभर वर्षांनी माणसाने सोयीसाठी मुद्दाम पुन्हा उघडली.

फट ठेवू पाहणारे

ती उघडून पाहणारे लोक त्या काळातही होते. फ्रान्सच्या मॉरिस ह्यूतँ आणि मॉरिस लब्लाँ यांना १८९४ साली एक अमेरिकन पेटंट मिळाले. विजेवर चालणाऱ्या रेल्वेला घासत जाणाऱ्या तारेशिवाय, प्रवर्तनाने वीज पुरवण्याची ती कल्पना होती. रुळांबरोबर एक वेटोळे, गाडीखाली दुसरे, मध्ये हवा. त्यासाठी सेकंदाला सुमारे ३००० वेळा दिशा बदलणारी धारा त्यांनी सुचवली होती. पुढच्या इतिहासाची दिशा या आकड्यात दिसते. प्रवर्तित विभवांतर बदलाच्या वेगावर अवलंबून असते. फटीमुळे बलरेषा कमी पोचत असतील, तर त्या अधिक वेगाने बदलायच्या. संख्येतली तूट वेगाने भरून काढायची.

निकोला टेस्ला याचे नाव या विषयात सर्वांत जास्त घेतले जाते. १८९१ साली न्यू यॉर्कमधल्या एका व्याख्यानात त्याने हातात धरलेल्या, कोणतीही तार न जोडलेल्या नळ्या प्रकाशित करून दाखवल्या. १९०१ साली न्यू यॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे त्याने मोठा मनोरा उभारायला घेतला. संदेशांबरोबर वीजही दूरदूर पाठवावी, हे त्याचे स्वप्न. पैसा आटला, काम थांबले आणि १९१७ साली मनोरा पाडण्यात आला. टेस्लावर अन्याय झाला, नाहीतर आज जगाला फुकट वीज मिळाली असती, अशा कथा विद्यार्थ्यांच्या कानावर येतात. त्यांना भौतिकीनेच उत्तर द्यावे. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने खूप दूर गेले की त्याचे चुंबकीय क्षेत्र साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे या मार्गाने मोठी शक्ती पोचवायची तर जवळच राहावे लागते.

तीन साधने

फटीची तूट वेगाने भरून काढायची तर तीन गोष्टी हव्या होत्या.

पहिली, वेगाने उघडझाप करणारा स्विच. घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. फोनचे प्रचलित चार्जर एक लाख हर्ट्झच्या वर, म्हणजे दोन हजारपटींहून अधिक वेगाने काम करतात. गाडीची बॅटरी तर दिष्ट धारा देते. ती अशी लाख वेळा तोडून-जोडून प्रत्यावर्ती करायची आणि तेही स्विचमध्ये फारशी उष्णता निर्माण न होऊ देता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पॉवर मॉसफेट बाजारात येऊ लागले आणि हे काम स्वस्त झाले.

दुसरी, योग्य गाभा. इतक्या वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रात साधे लोखंड तापते, कारण त्याच्या अंगातच भोवऱ्यासारख्या धारा फिरू लागतात. चुंबकीय बलरेषांना वाट देणारा, पण विद्युतधारेला वाट न देणारा पदार्थ हवा होता. असा पदार्थ म्हणजे फेराइट. जपानच्या काटो आणि ताकेई यांनी १९३०च्या सुमारास आणि पुढे हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक याने त्यावर पायाभूत काम केले. आजच्या चार्जरमध्ये वेटोळ्याच्या पाठीमागे फेराइटची पातळ चकती असते. कापलेल्या कड्याचा उरलेला भाग तो हाच.

तिसरी, अनुस्पंदन. झोका त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलला तर थोड्या जोरानेही उंच जातो. त्याचप्रमाणे वेटोळ्याला धारित्र जोडून त्याची नैसर्गिक वारंवारता जुळवली की फटीपलीकडे अधिक शक्ती पोचते. २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मारिन सोल्याचिच आणि सहकाऱ्यांनी अशा जुळवलेल्या वेटोळ्यांनी दोन मीटर अंतरावरचा ६० वॉटचा दिवा पेटवला. कार्यक्षमता सुमारे ४० टक्के होती. म्हणजे निघालेल्या शक्तीतला निम्म्याहून अधिक भाग वाटेत गेला. या प्रयोगाने विषयाला नवी उभारी दिली, पण अंतराची किंमतही स्पष्ट दाखवली.

या दरम्यान एक साधी वस्तू घराघरात शिरली होती. विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश. न्हाणीघरात पाणी असते, उघडी धातूची टोके नकोत, आणि चार्जिंगला रात्रभर वेळ असतो. त्याच्या बैठकीत एक लहान खुंटी असते आणि ब्रशच्या बुडाशी तेवढेच भोक. ब्रश खुंटीवर बसला की दोन्ही वेटोळी बरोबर समोरासमोर येतात, सरकूच शकत नाहीत. गाडीतल्या होल्डरचा प्रश्न या खुंटीने आधीच सोडवला होता.

गाडीत वीज कशी आली

सुरुवातीच्या पेट्रोलच्या गाड्या हाताने दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला. त्यासाठी दमदार बॅटरी आणि ती भरणारे जनित्र गाडीत असणे आवश्यक झाले. मग दिवे, रेडिओ आणि सिगारेट पेटवण्याचा लायटर हेही त्याच विजेवर आले. लायटर काढून घेतला की उरणारी खाच पुढे कोणतेही उपकरण जोडण्याची जागा झाली. तिची रचना या कामासाठी कोणी केलेली नव्हती. खड्ड्यांनी तिच्यातली पिन सैल होते याचे कारण तेच. लायटर काही क्षणच आत राहायचा, चार्जर तासन्‌तास राहतो.

गाडीतला फोनही मोबाइलपेक्षा जुना आहे. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात गाडीतून टेलिफोन करण्याची सेवा सुरू झाली. त्या यंत्रणेचे वजन सुमारे ३६ किलो होते. ती गाडीला कायमची जोडलेली असे, त्यामुळे चार्जिंगचा प्रश्नच नव्हता. फोन खिशात मावू लागला तेव्हा तो गाडीपासून सुटला, त्याला स्वतःची बॅटरी मिळाली आणि ती भरण्याची चिंताही. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला. पुढे फोन नकाशाही दाखवू लागला आणि त्याला गाडीत पुन्हा एक ठरावीक जागा लागली.

एकमताची वाट

साधने हाती आल्यावरही एक अडथळा उरला होता. तो भौतिकीचा नव्हता. १९९६ साली जनरल मोटर्सने ‘ईव्ही-१’ ही विजेवरची गाडी आणली. तिच्या तोंडाशी असलेल्या खाचेत वल्ह्याच्या पात्यासारखा चपटा भाग सरकवला की प्रवर्तनाने ती चार्ज होई. पावसातही सुरक्षित अशी ती रचना होती. पण इतर काही उत्पादकांनी धातूची थेट जोडणी पसंत केली. एकाचे वल्हे दुसऱ्याच्या गाडीला चालत नव्हते. २००१ साली कॅलिफोर्नियाच्या शासकीय मंडळाने थेट जोडणीची बाजू घेतली आणि वल्हे मागे पडले.

फोनच्या बाबतीत हेच घडू शकले असते. २००८ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघ स्थापन केला आणि २०१० साली ‘ची’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ प्राणशक्ती असा आहे. वेटोळ्याचा आकार, वारंवारता, फोन आणि चार्जर यांची ‘बोलण्याची’ पद्धत हे सारे त्यात ठरवलेले होते. काही वर्षे दोन प्रतिस्पर्धी गट निराळी मानके घेऊन उभे होते. २०१७ साली अ‍ॅपलने ‘ची’ स्वीकारले आणि पारडे झुकले. २०२० साली त्याच कंपनीने फोनच्या पाठीत चुंबकांचे वर्तुळ बसवले. २०२३ साली जाहीर झालेल्या ‘ची-२’ मानकात चुंबकांनी वेटोळी जुळवण्याची ही युक्ती सर्वांसाठी खुली झाली. ब्रशच्या खुंटीची जागा चुंबकांनी घेतली.

फोन आणि चार्जर बोलतात कसे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. फोन आपल्या वेटोळ्यावरचा भार ठरावीक पद्धतीने कमी-जास्त करतो. त्याची झळ फट ओलांडून चार्जरच्या वेटोळ्याला जाणवते, आणि त्या चढउतारांतून चार्जर ‘अधिक दे’, ‘कमी कर’, ‘थांब’ हे निरोप वाचतो. दुसरे वेटोळे पहिल्यावर उलट परिणाम करते हा पुस्तकातला नियम येथे चिठ्ठी पोचवण्याच्या कामी आला आहे.

बसवताना भौतिकी

आता होल्डर बसवण्याच्या व्यवहाराकडे वळू. दुकानात मिळणाऱ्या सूचनांमागे हाच इतिहास आहे.

फोन चकतीच्या मध्यभागीच हवा. सेंटिमीटरभर सरकला तरी जोड कमजोर होतो, तीच शक्ती पोचवायला चार्जरला अधिक धारा लागते आणि फरकाची उष्णता होते. टेबलावर फोन हलत नाही. खडबडीत रस्त्यावर हलतो. म्हणून गाडीत पकड किंवा चुंबक ही चार्जरचाच भाग समजावी. फोनचे कव्हर जाड असेल तर फट तेवढी वाढते.

साध्या चुंबकी होल्डरसाठी काहीजण फोनच्या पाठीला लोखंडी पत्रा चिकटवतात. तारेविना चार्जर बसवताना हा पत्रा काढलाच पाहिजे. त्यात भोवरी धारा निर्माण होऊन तो तापतो. मध्ये नाणे सापडले तरी तेच होते. चांगले चार्जर अशी परकी वस्तू ओळखून थांबतात.

शक्तीचा हिशेब वर्गातही करून घेता येईल. समजा, फोनला १५ वॉट हवेत आणि खाचेपासून बॅटरीपर्यंतची कार्यक्षमता ७० टक्के आहे. तर १२ व्होल्टच्या खाचेतून सुमारे २१ वॉट, म्हणजे पावणेदोन अँपिअर धारा घ्यावी लागेल. उरलेले सुमारे ६ वॉट उष्णता होऊन जातील. एवढी उष्णता फोनला खेटून निर्माण होते, शिवाय समोरच्या काचेतून ऊन येते. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करणे तिच्या आयुष्याला मारक ठरते, म्हणून तापलेला फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. विदर्भातल्या मे महिन्यात काचेवरच्या होल्डरपेक्षा एसीच्या जाळीसमोरचा होल्डर बरा, तो याच कारणाने. तार थेट फ्यूजच्या पेटीतून घ्यायची असेल तर ती जाणकाराकडून, योग्य फ्यूज घालून आणि किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या जोडणीवरून घ्यावी, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

होल्डर एअरबॅगच्या वाटेत नको आणि चालकाच्या दृष्टीआडही नको. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन वापरणे धोकादायक चालवण्यात मोडते. २०२०च्या नियमाने केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, त्याला मुभा दिली. फोन नीट बसलेला असला तरी लक्ष रस्त्यावर ठेवणे हे काम चुंबकाचे नाही.

वर्गासाठी दोन प्रयोग

लोखंडाच्या एका जाड बोल्टवर इनॅमल्ड तांब्याच्या तारेची प्रत्येकी शंभर वेढ्यांची दोन वेटोळी शेजारीशेजारी गुंडाळा. एक शाळेतल्या गॅल्व्हानोमीटरला जोडा, दुसऱ्याला एका सेलची जोडणी क्षणभर करा आणि तोडा. काटा दोन्ही वेळी उलटसुलट हलेल. आता हेच वेढे कागदी नळीवर गुंडाळून, बोल्ट न घालता पाहा. हिसका किती कमी होतो ते मुलांना स्वतः मोजू द्या.

दुसऱ्या प्रयोगासाठी त्याच तारेचे चार सेंटिमीटर व्यासाचे, पंधरा-वीस वेढ्यांचे चपटे वेटोळे करा. त्याला २२० ओहमचा रोध आणि लाल एलईडी एकसरीत जोडा. हे वेटोळे टेबलावरच्या तारेविना चार्जरवर ठेवा. फोन आला आहे का हे तपासण्यासाठी चार्जर अधूनमधून क्षेत्र सोडतो. कित्येक चार्जरवर त्या क्षणी एलईडी लुकलुकतो. आता मध्ये एकेक वही घालत जा, मग वेटोळे बाजूला सरकवत जा, आणि कोणत्या अंतरावर दिवा दिसेनासा होतो याची नोंद ठेवा.

शेवटी एक हिशेब मुलांकडून करून घ्यावा. एका फोनमागे वाया जाणारे पाच-सहा वॉट क्षुल्लक वाटतात. पण गावातले सगळे फोन रोज दोन तास असेच चार्ज झाले तर? बुडापेस्टच्या तिघांनी फट बुजवली ती वीज वाचवण्यासाठी. आपण ती उघडली तार जोडण्याचा त्रास वाचवण्यासाठी. गाडीत, जेथे चालकाचे हात आणि डोळे मोकळे राहणे मोलाचे आहे, तेथे ही किंमत देणे समर्थनीय ठरू शकते. घरी, जेथे तार हाताशीच असते, तेथे ती द्यावी का, याचे उत्तर मुलांनी आकडे मांडून शोधावे.